उन्हात ठेवलेले सेल

खारवलीच्या परकारांच्या घरी तेवीस कॅसेटी आहेत, हे कीटक केंद्राला कळायला अकरा महिने लागले. केंद्राने २०४२च्या जानेवारीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या बत्तीस गावांत पत्रकं वाटली होती. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, संध्याकाळच्या वेळी केलेलं, १९९५च्या आधीचं कसलंही ध्वनिमुद्रण हवं होतं. लोकांनी लग्नांच्या फिती आणून दिल्या, कोणी भजनं दिली, एकाने शाळेचं स्नेहसंमेलन दिलं. सगळं घरातलं किंवा मांडवातलं. तिन्हीसांजेला उघड्या सड्यावर जाऊन टेप कोण चालू करतो?

रुकैयाबी परकार करायच्या. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं त्यांच्या नवऱ्याने. अब्दुल गनी परकार, वय पंच्याऐंशी. डिसेंबरात दवाखान्यात रांगेत बसले असताना त्यांनी भिंतीवरचं पत्रक वाचलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "आमच्याकडे आहेत की." तिसऱ्या दिवशी केंद्रातली संशोधक अन्विता पडवळ त्यांच्या पडवीत बसली होती. वय एकोणतीस, गाव पाटण. कॅसेट नावाची वस्तू तिने तोवर फक्त चित्रात पाहिली होती.

"कॅसेटी माझ्या आहेत," गनीभाई म्हणाले. "घेऊन जा."

"आवाज माझा आहे," रुकैयाबी आतून म्हणाल्या. मग त्या बाहेर आल्या. ऐंशीला टेकलेल्या, सडपातळ, आणि आवाज एखाद्या मोठ्या घागरीत बोलल्यासारखा, खोल आणि सावकाश. "नवऱ्याशी बोललेलं बाहेरच्यांनी ऐकायचं?"

"चाची, तुमचं बोलणं आम्हाला नको आहे. त्याच्या मागे जे रातकिडे वाजतात ना, ते हवेत."

"साठ वर्षांनी कोणीतरी माझ्या कॅसेटी मागायला आलं, तेही किड्यांसाठी."

"आता कुठले रातकिडे?" गनीभाई म्हणाले. "दहा-बारा वर्षं झाली, एक ऐकू येत नाही."

"परसात काळे रोज किरकिरतात. तुमचे कान गेलेत." त्या अन्विताकडे वळल्या. "सड्यावरचे मात्र खरंच गेले. ते वेगळे होते. त्यांचं ऐकायला गोड वाटायचं."

अन्विताने मान हलवली. तिला ते आकड्यांत माहीत होतं. सड्यांवर राहणारा हा तपकिरी रातकिडा शेवटचा नोंदला गेला २०३४ साली. चिऱ्याच्या खाणी, बागांसाठी फोडलेला कातळ आणि रात्रभर जळणारे दिवे यांनी मिळून त्याला संपवलं होतं.

रुकैयाबींनी दोन अटी घातल्या. कॅसेटी अन्विताने एकटीने ऐकायच्या. आणि सासूबद्दल जे बोललं गेलं असेल ते कुठे सांगायचं नाही. "त्यांची नातवंडं-पतवंडं अजून गावात आहेत," त्या म्हणाल्या. "माझीही त्यांतच आली म्हणा."

*

निकाह झाला १९८१च्या एप्रिलमध्ये. एकोणीस दिवसांनी गनीभाई कुवेतला गेले. त्या एकोणीस दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि नव्या सुनेने मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. दोघांचं एकमेकांशी सलग दहा मिनिटं बोलणं झालं असेल तर ते एकदाच, तेही विहिरीवर.

त्या काळी खारवलीतल्या दर दुसऱ्या घरातला माणूस आखातात होता. फोन तालुक्याला, पत्र वाचायला आणि लिहायला तिसरा माणूस. म्हणून कॅसेटी. साठ मिनिटांची कॅसेट बोलून भरायची आणि जो कोणी जाणारा असेल त्याच्या सामानात द्यायची. त्याच सामानात सुकट असायची, लोणचं असायचं. गनीभाईंना कॅसेट मिळायची तेव्हा तिला सुकटीचा वास यायचा. चार वर्षांत तो वास आणि तो आवाज त्यांच्या डोक्यात एक झाले.

ते क्रेन चालवायचे. जमिनीपासून पस्तीस मीटर वर, काचेच्या खोलीत एकटे. खालच्या खोलीत आठ माणसं राहायची, तिथे बायकोची कॅसेट कशी लावणार? ती वर नेऊन लावायची. तिथे सेलची ददात नव्हती, हवे तितके नवे मिळायचे. खाली वाळू, सळ्या, मुंग्यांसारखी माणसं आणि कानाशी खारवलीचा सडा.

घरून बोलणं भरायचं तर रुकैयाबींपुढे वेगळी अडचण होती. सासू. पडवीत बसून बोललं तर ती दाराशी येऊन बसे आणि मध्येच म्हणे, "त्याला सांग, छप्पर गळतंय." म्हणून त्या संध्याकाळी बकऱ्या आणायच्या निमित्ताने टेपरेकॉर्डर पदराखाली घेऊन सड्यावर जात. करवंदीच्या जाळीशेजारी एक सपाट दगड होता, तिथे बसून बोलत. केंद्राला साठ वर्षांनी जे मिळालं ते या सासूमुळे.

चार वर्षांनी, १९८५च्या ऑक्टोबरात, गनीभाई पहिल्यांदा घरी आले. साठ दिवसांची रजा होती. चोवीस दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, ते परत गेले. कंपनीचा निरोप आलाय, एवढंच म्हणाले.

पुढे ते आणखी पाच वर्षं तिकडे राहिले. १९९०मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा अम्मानमार्गे सुटून आले आणि कायमचे घरी राहिले. येताना बॅगेत कपडे नव्हते, कॅसेटी होत्या. मुलं झाली, नातवंडं झाली. तालुक्याच्या रस्त्यावर विजेच्या सामानाचं दुकान टाकलं, ते म्हातारपणी बंद केलं. पण दर वर्षी ११ नोव्हेंबरला रुकैयाबी एक प्रश्न विचारत. आधी रडून विचारला, मग भांडून, मग नुसता जेवताना, मीठ मागावं तसा.

"त्या वर्षी चोवीस दिवसांत का गेलात?"

"कंपनीचा निरोप आला होता."

अठ्ठावन्न वर्षांत उत्तर बदललं नव्हतं.

*

कीटक केंद्राकडे सड्यावरच्या रातकिड्याची अंडी होती. एका विद्यार्थ्याने २०१२ साली ती गोळा करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली होती. गोठवलेली कीटकांची अंडी जिवंत करण्याची खात्रीची रीत २०३९मध्ये सापडली. तोवर तीन कुप्या शिल्लक होत्या.

पहिली कुपी २०४१मध्ये उघडली. पिल्लं निघाली, शांत खोलीत वाढवली, पंख फुटायच्या बेतात असताना सड्यावर सोडली. नर जेमतेम चार होते, ते गायला लागण्याआधीच विखुरले. माद्या मात्र समोर जो गाईल त्याच्याकडे गेल्या. सड्याच्या कडेला गात होते ते परसातले काळे रातकिडे. वेगळ्या जातीचे. अंडी घातली गेली ती पोकळ.

मग केंद्रातल्या लोकांना एक जुनी गोष्ट नव्याने तपासावी लागली. नर रातकिडा पंखावर पंख घासून गातो. ते गाणं त्याला शिकावं लागत नाही, ते पंखांच्या घडणीतच असतं. शिकते ती मादी. तिचे कान पुढच्या पायांच्या नडगीवर असतात आणि पंख फुटायच्या आधीच, शेवटच्या दोन काती टाकण्याच्या दिवसांत, ते ऐकू लागतात. त्या दोन-तीन आठवड्यांत तिच्या अवतीभवती जे गाणं चाललेलं असेल त्यावरून पुढे नर कसा असावा हे तिच्यापुरतं ठरतं. शांततेत वाढलेली कोणाकडेही जाते. गाण्यात वाढलेली निवडते.

एका नराचं गाणं लावून भागत नाही, हेही त्यांना दुसऱ्या जातींवरच्या प्रयोगांतून दिसलं. मादीला मैफल लागते. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने थांबून उत्तर द्यायचं, ऊन उतरून कातळ निवत जाईल तसं सगळ्यांनी संथ होत जायचं. ती मैफल आता जगात कुठेच नव्हती. असलीच तर एखाद्या जुन्या टेपमध्ये, कोणाच्या तरी बोलण्यामागे.

अन्विताने परकारांच्या तेवीस कॅसेटी ऐकल्या. तीन बुरशीने गेल्या होत्या. नंतरच्या सात घरातल्या होत्या, त्यांत रातकिडे नव्हतेच. उरलेल्या तेरांत सड्याची पावणेसहा तासांची संध्याकाळ होती. आवाज वेगळे करायचं काम यंत्राने केलं, पण एके ठिकाणी तेही करावं लागलं नाही. चौथ्या कॅसेटीत रुकैयाबी मध्येच थांबतात आणि म्हणतात, "काय सांगायला बसले होते ते विसरले. थांबा, आठवेपर्यंत रातकिडे ऐका." मग एक्केचाळीस सेकंद त्या बोलत नाहीत. केंद्राच्या दृष्टीने सगळ्या संग्रहातली ही एक्केचाळीस सेकंदं सर्वांत मोलाची होती.

दुसरी कुपी २०४३च्या फेब्रुवारीत उघडली. पिल्लांना रोज संध्याकाळी खारवलीची १९८२ सालची संध्याकाळ ऐकवली. मे महिन्यात पंख फुटले, नर गाऊ लागले, आणि त्यांच्याच जातीच्या, त्यांच्याच कुपीतल्या माद्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. एकत्र कोंडूनही पाहिलं. फरक पडला नाही.

आता एक कुपी उरली. तिच्यात एकशे चाळीस अंडी होती.

अन्विताने पंधरा दिवस आकडे तपासले. जिवंत नराच्या गाण्याचा सूर सेकंदाला सेहेचाळीसशे कंपनांचा होता. थंडी-उन्हाने रातकिड्याच्या गाण्याचा वेग बदलतो, पण सूर फारसा बदलत नाही, कारण तो पंखाच्या आकाराने ठरलेला असतो. टेपवरचा सूर मात्र कॅसेटीच्या सुरुवातीला पाच हजारांचा होता आणि शेवटाकडे जाताना पंचावन्नशेपर्यंत चढत होता. तेराही कॅसेटींत तसाच. आलेख काढला तर सरळ चढण. कुठलाच रातकिडा अर्ध्या तासात असा चढत नाही. चढत होती ती टेप. का, ते तिला कळेना. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा खारवलीला आली.

*

रुकैयाबी सुपात तांदूळ निवडत होत्या. गनीभाई आरामखुर्चीत होते.

"चाची, टेप कशावर चालायचा?"

"सेलवर. वीज कुठे होती? वीज सत्त्याऐंशीला आली."

"सेल कधी बदलायच्या?"

रुकैयाबींनी सूप थांबवलं. "तुला कशाला?"

"सेल कमजोर असेल तर टेप हळू फिरतो, असं आमच्याकडचे एक जुने तंत्रज्ञ म्हणाले. भरताना हळू फिरला, तर पुढे चांगल्या यंत्रावर ते बोलणं घाईत येतं. आणि चढ्या आवाजात."

"माझे जुनेच असायचे," रुकैयाबी म्हणाल्या. "बॅटरीतले, उतरलेले. दोन दिवस कौलांवर उन्हात ठेवायचे. तापले की तासभर चालतात. सगळेच करायचे तसं."

"नवे मिळत नव्हते?"

"चार मिळायचे. कोणी मुंबईहून आला की. ते फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. ह्यांची कॅसेट आली की घालायचे, ऐकून झालं की काढून ठेवायचे." त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. "ह्यांचा आवाज नीट यायला नको? माझं काय, माझं मला ठाऊकच होतं."

अन्विताने टिपून घेतलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि ती खूश होती, म्हणून जरा जास्त बोलली. "आमच्या माद्यांचं तेच झालं चाची. त्यांना आम्ही चढा सूर ऐकवला. पंधरा टक्के चढा. त्यांना तोच खरा वाटला. मग खरा नर शेजारी येऊन गायला लागला तर यांना तो परका. बिचारा जीव तोडून गातोय आणि या कोपऱ्यात तोंड करून बसल्यात. त्याची काही चूक नाही, त्यांचीही नाही."

"मग पुन्हा शिकवायचं त्यांना," रुकैयाबी म्हणाल्या.

"नाही शिकत. पंख फुटले की शिकणं संपतं."

गनीभाई खुर्चीत पुढे झाले. "पोरी, ते चढलेलं... नुसते रातकिडेच का?"

"नाही चाचा, टेपवरचं सगळंच. चाचींचाही आवाज. पेटीवर दोन पट्ट्या वर गेल्यासारखा, शेवटी-शेवटी तर तीन. आणि घाईचा." ती हसली. "मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही वेगळीच कोणीतरी मुलगी आहे."

गनीभाई उठून परसात गेले आणि अन्विता निघेपर्यंत परत आले नाहीत.

*

टेप सरळ करायचं काम रातकिड्यांनीच सोपं केलं. ते सतत वाजत होते आणि त्यांचा खरा सूर आता माहीत होता. प्रत्येक क्षणी टेप किती चुकतेय हे त्यांच्यावरून मोजायचं आणि तेवढी ती खाली ओढायची. रातकिडे खाली आले तसा त्यांच्यापुढचा आवाजही खाली आला. ऑगस्टमध्ये अन्विताने शेवटची कुपी उघडायला दिली आणि सरळ केलेल्या तेरा कॅसेटी एका छोट्या यंत्रात भरून परकारांकडे पोहोचवल्या. अट पाळायची म्हणून थांबली नाही. "तुमचं तुम्ही ऐका," म्हणाली.

दुपारी जेवणं झाल्यावर रुकैयाबींनी ते यंत्र पडवीत आणून ठेवलं. चौथी कॅसेट लागली. गनीभाईंनी श्रवणयंत्र नीट बसवलं.

"विहिरीचं पाणी उतरलंय," एकोणीस वर्षांची बाई सावकाश म्हणाली. "काळी बकरी व्याली, दोन झाली. एक तुमच्या नावाची ठेवलीय, जी ऐकत नाही ती."

आवाज खोल होता. घागरीतल्यासारखा. समोर बसलेल्या बाईचाच, फक्त त्यात वय नव्हतं. ती पुढे बोलत राहिली आणि मग म्हणाली, "काय सांगायला बसले होते ते विसरले. थांबा, आठवेपर्यंत रातकिडे ऐका." गनीभाईंना पुढचा भाग नुसता शांत वाटला. रुकैयाबी मात्र मान एका बाजूला करून ऐकत होत्या. गनीभाईंनी हात पुढे करून यंत्र बंद केलं.

"रुकैया, पंच्याऐंशीला कंपनीचा निरोप आला नव्हता."

"ठाऊक आहे. टपाल माझ्या चुलतभावाच्या हातून यायचं."

"मग इतकी वर्षं विचारलंस का?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते."

"मी घरी आलो," गनीभाई म्हणाले. "तू दारात आलीस, म्हणालीस, आलात का. आणि मला वाटलं, ही ती नाही. कॅसेटीतली वेगळी होती. तिचा आवाज बारीक होता, भराभर बोलायची, दम लागेपर्यंत. चार वर्षं क्रेनवर तिला ऐकली होती. घरी तिच्या कपड्यांत दुसरीच कोणी. तू वाढायचीस, बोलायचीस आणि मला तिची आठवण यायची. स्वतःच्या बायकोसमोर बसून. लाज वाटली. राहवलं नाही, म्हणून गेलो."

रुकैयाबींनी यंत्र जरा जवळ ओढलं.

"परत गेलो, दोन महिन्यांनी कॅसेट आली, आणि तिच्यात ती होती. पुन्हा. मला वाटलं, मी वेडा झालोय. मग घरात वीज आली, तू घरात बसून भरायला लागलीस, तेव्हापासून ती गेली. नंतर कधी आलीच नाही."

"म्हणजे दुसरी होतीच," रुकैयाबी म्हणाल्या.

"अगं..."

"मी अठ्ठावन्न वर्षं म्हणतेय, तिकडे दुसरी आहे. तुम्ही शपथा घेतल्यात."

"नव्हतीच कोणी."

"होती. माझेच सेल खाऊन बसली होती." त्या हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी पदराचं टोक घेऊन यंत्रावरची नसलेली धूळ पुसली. "तुम्ही गेल्यावर मी आरशात बघायची. वाटायचं, कापणीच्या उन्हाने रंग रापला, तो दिसला यांना. वर्षभर हळद नि दूध लावलं तोंडाला. सासूबाई म्हणायच्या, कोणासाठी. आवाजाचं कधी मनात आलं नाही. तो तर तोच होता."

गनीभाईंनी मान खाली घातली.

"मग नव्वदला आलात ते?" रुकैयाबींनी विचारलं. "तेव्हा का नाही पळालात?"

"अम्मानच्या तळावर सोळा दिवस होतो. तंबूच तंबू, हजारो माणसं. एका संध्याकाळी मागून एका बाईने हाक मारली, तिच्या पोराला, जेवायला ये म्हणून. तुझा आवाज. हा. खोल, सावकाश. मी पोरासारखा वळून चालायलाच लागलो तिच्याकडे. अर्ध्यात थांबलो. तेव्हा कळलं, कान कधीतरी बदललेत. कधी ते ठाऊक नाही. चोवीस दिवसांतच बदलले असतील, मला कळायला पाच वर्षं लागली."

"त्या पोरीला सांगा," रुकैयाबी म्हणाल्या. "म्हणावं, पंख फुटल्यावरही शिकतो एखादा. जरा मठ्ठ असला तरी."

संध्याकाळपर्यंत त्यांनी आणखी दोन कॅसेटी ऐकल्या. मधूनच रुकैयाबी म्हणाल्या, "अजून आठवते का ती?"

गनीभाई खोटं बोलू शकले असते. "आठवते," ते म्हणाले.

रुकैयाबींनी मान हलवली. "गरीब होती बिचारी. सगळं आयुष्य उन्हात गेलं तिचं." आणि त्या चहा करायला उठल्या.

*

शेवटच्या कुपीतल्या एकशे चाळीस अंड्यांतून नव्वद पिल्लं जगली, त्यांत एक्केचाळीस माद्या होत्या. त्यांना रोज सरळ केलेली मैफल ऐकवली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला काचेच्या लांब पेटीत चाचणी घेतली. एका टोकाला परसातला काळा, दुसऱ्या टोकाला सड्याचा तपकिरी. छत्तीस माद्या तपकिरीकडे चालत गेल्या, तीन जागच्या हलल्या नाहीत, दोन काळ्याकडे गेल्या. "दोन असायच्याच," अन्विता फोनवर म्हणाली. "चाचींना सांगा, सडा तुमचाच निवडलाय. तुमच्याच दगडाजवळ सोडतोय. शनिवारी या."

मध्ये ११ नोव्हेंबर आला. रुकैयाबींनी जेवताना लोणचं मागितलं. दुसरं काही विचारलं नाही.

चौदा तारखेला केंद्राची गाडी दोघांना सड्यावर घेऊन गेली. बकऱ्यांची वाट आता नव्हती, पण दगड होता आणि जाळीही होती, नवी उगवलेली. दिवे विझवायला ग्रामपंचायतीने कबुली दिली होती. नर चार दिवस आधीच सोडले होते आणि कातळाच्या भेगांतून त्यांनी आपापल्या जागा धरल्या होत्या. ऊन उतरत होतं. अन्विताने माद्यांची पेटी दगडापासून वीस पावलांवर ठेवली, झाकण काढलं आणि हळूच मागे आली. माद्यांच्या पाठीवर चिकटवलेल्या बारीक चकत्यांचे तिच्या हातातल्या पडद्यावर एक्केचाळीस ठिपके होते, सगळे एका जागी.

"आवाज करायचा नाही आता," ती कुजबुजली.

दोघं दगडावर बसले. बराच वेळ गेला. गनीभाई समोर बघत होते. त्यांना वारासुद्धा ऐकू येत नव्हता.

"सुरू झालं?" त्यांनी विचारलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, अन्विताने चमकून पाहिलं.

"अजून नाही," रुकैयाबी त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

आणखी थोडा वेळ. मग त्यांचा हात गनीभाईंच्या मनगटावर आला.

"लागला. एक. जाळीच्या डाव्या अंगाला."

"आणि?"

"थांबला. आता दुसऱ्याने उत्तर दिलं. तो लांब आहे, खाडीच्या बाजूला. आता पहिला पुन्हा. हा घाईचा आहे जरा, तुमच्यासारखा."

पडद्यावरचा एक ठिपका पेटीबाहेर आला. मग आणखी दोन. पहिला ठिपका थोडा चालला, थांबला, दिशा बदलली आणि जाळीच्या डाव्या अंगाला निघाला. अन्विता वाकली आणि शक्य तितक्या हळू म्हणाली, "चाची, मुद्रण चालू आहे. तुमचा आवाज येईल त्यात."

"येऊ दे," रुकैयाबी म्हणाल्या. "सेल नवे आहेत ना?"

"नवे आहेत, चाची."

"मग येऊ दे." त्या पुन्हा गनीभाईंच्या कानाशी झुकल्या. "आता तिसरा लागला," त्या आपल्या खोल, सावकाश आवाजात सांगू लागल्या, आणि गनीभाई मान एका बाजूला करून ऐकू लागले.